पत्ता चुकलेली छायाचित्रे

(द्वितीय वर्ष, कला)

छायाचित्र हरवले असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय हरवलेले असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. अल्बममधला फोटो उंदराने कुरतडला, गळक्या छपराखाली भिजला, किंवा कोणी मागून नेला आणि परत दिलाच नाही, तर फोटोच गेला. त्याविषयी वाद नाही. परंतु संगणकाच्या युगात हरवण्याचा एक नवाच प्रकार निर्माण झाला आहे. फोटो जागच्या जागी असतो, त्याचा एक ठिपकाही इकडचा तिकडे झालेला नसतो, आणि तरीही पडद्यावर त्याच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह उमटते व 'फाइल सापडत नाही' असे संगणक निर्विकारपणे सांगतो. कारण शोधावे तर ते अगदी क्षुल्लक निघते. ज्या बाह्य ड्राइव्हवर ते फोटो ठेवलेले असतात, त्या ड्राइव्हचे अक्षर बदललेले असते. काल ते 'ई' होते, आज 'एफ' झाले. एवढेच.

हे वाचून कला शाखेतील बहुतेक बंधुभगिनी म्हणतील, की हा संगणक विभागाचा प्रश्न. वार्षिक अंकात त्याचे काय काम? माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. अक्षर का बदलले हा प्रश्न संगणकाचा असेल. परंतु ते बदलल्यानंतर काय वाचवायचे आणि काय गेले तरी चालेल, हे ठरविण्याचा प्रश्न इतिहासाचा, समाजशास्त्राचा आणि भाषेचा आहे. म्हणजेच तो आपला आहे. आपण तो दुसऱ्यावर सोपवला, तर तो दुसरा त्याच्या परीने चोख काम करील आणि आपले सर्वस्व पुसून टाकील. त्याला त्यात काही पुसले गेले असे वाटणारही नाही.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. मोठा छायाचित्रसंग्रह सांभाळण्यासाठी जी सॉफ्टवेअरे वापरतात, त्यांत लाइटरूम हे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. ते २००७ साली प्रथम बाजारात आले. डिजिकॅमसारखी मोफत मिळणारीही आहेत. या बहुतेकांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच. फोटो ते आपल्या पोटात घेत नाहीत. फोटो राहतात ड्राइव्हवर, आणि सॉफ्टवेअर फक्त एक सूची ठेवते, जिला कॅटलॉग म्हणतात. त्या सूचीत प्रत्येक फोटोचा पत्ता असतो: अमुक अक्षराचा ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्या फोल्डरात अमुक नावाची फाइल. त्या पत्त्यापुढे आपण लिहिलेला मजकूर असतो. फोटोत कोण आहे, कोठे काढला, कधी काढला, कोणाच्या घरून मिळाला, हे सारे त्यात येते. याचा अर्थ असा, की आपण ज्याला 'फोटोंचा संग्रह' म्हणतो त्या वस्तुतः दोन वस्तू आहेत. चित्रे एकीकडे आणि चित्रांविषयीचे ज्ञान दुसरीकडे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे तो पत्ता, आणि त्या पत्त्याचे पहिलेच अक्षर म्हणजे ड्राइव्हचे अक्षर. ते बदलले की पुढचा सगळा पत्ता बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

आता हे अक्षर येते कोठून? त्याची कुळकथा मनोरंजक आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली लिहिलेल्या 'सीपी/एम' या कार्यप्रणालीत फ्लॉपीच्या खणांना अक्षरे दिलेली होती. १९८१ साली आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा त्यानेही तीच रीत उचलली. फ्लॉपीचे दोन खण म्हणजे 'ए' आणि 'बी'. पुढे १९८३ साली त्याच कंपनीच्या 'एक्सटी' या यंत्रात हार्ड डिस्क बसवून मिळू लागली आणि तिच्या वाट्याला 'सी' हे अक्षर आले. फ्लॉपी केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण विंडोजमध्ये आजही मुख्य डिस्क 'सी'च असते. गेलेल्या थोरल्या भावंडांची जागा रिकामी ठेवून धाकट्याने तिसऱ्याच पाटावर बसावे, तसा हा प्रकार आहे. नंतर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हला पुढचे मोकळे अक्षर मिळते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. हे अक्षर ड्राइव्हवर कोठेही लिहिलेले नसते. ते संगणकाने दिलेले असते आणि संगणकाच्याच अंतर्गत नोंदवहीत राहते. प्रत्येक ड्राइव्हला स्वतःची एक लांबलचक ओळखसंख्या असते, आणि 'अमुक ओळखसंख्येचा ड्राइव्ह म्हणजे ई' अशी नोंद संगणक आपल्यापुरती करून ठेवतो. तोच ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला, तर तेथे त्याला दुसरे अक्षर मिळू शकते. त्याच संगणकावरही ड्राइव्ह लावण्यापूर्वी कोणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला आणि त्याने 'ई' पटकावले, तर आपल्या ड्राइव्हला 'एफ'वर समाधान मानावे लागते.

आपल्या विद्यार्थिजीवनातले उदाहरण घ्यायचे तर हजेरी क्रमांकाचे घ्यावे. गेल्या वर्षी माझा हजेरी क्रमांक एक होता, यंदा दुसराच आहे. वर्ग बदलला, पटावरची नावे पुढेमागे झाली, की तो बदलणारच. परंतु विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, ज्याला आपण सगळे पीआरएन म्हणतो, तो पदवी हाती पडेपर्यंत तोच राहतो. उद्या एखाद्या प्राध्यापकांनी गेल्या वर्षीचा हजेरी क्रमांक पुकारला, कोणीच 'हजर' म्हटले नाही, आणि म्हणून त्या मुलीचे नावच पटावरून कमी केले, तर आपण काय म्हणू? मुलगी तर समोरच्या बाकावर बसली आहे! फोटोंच्या बाबतीत हाच अन्याय रोज कोठे ना कोठे घडत असतो, आणि त्याला आपण 'तांत्रिक अडचण' असे सभ्य नाव देतो.

या अन्यायाची जात मला कळली ती आमच्या महाविद्यालयातील एका संग्रहामुळे. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर, पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, अशा तीन जिल्ह्यांतील गावांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर आजही वर येते आणि लोक ते पाहायला जातात. माणसे मात्र केव्हाच वर, कोरड्या जागी येऊन राहिली. अनेक गावांनी नवी जागा घेतली. नाव मात्र जुनेच ठेवले. आमच्या इतिहास विभागाने अशा गावांतील घरोघरी जाऊन जुने फोटो मागून घेण्याचे, ते स्कॅन करून परत देण्याचे आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांतील माणसांची नावे लिहून घेण्याचे काम हाती घेतले. आमचेही कुटुंब अशाच उठलेल्या गावातले आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिली. तेव्हा हे काम माझ्याकडे आले यात नवल नाही.

फोटो फार थोडे. कोणाकडे लग्नातला एक, कोणाकडे यात्रेत पडद्यासमोर उभे राहून काढलेला एक. त्या काळी शेतकऱ्याच्या घरी फोटो म्हणजे चैनच होती. एका फोटोत नदीच्या घाटावर सात बाया हंडे घेऊन उभ्या आहेत. फोटोच्या पाठीमागे एक अक्षरही नाही. तो ज्या आजींच्या घरी मिळाला त्यांना लिहितावाचता येत नव्हते. परंतु त्यांनी बोट ठेवून एकेकीची ओळख सांगितली: "ही आमच्या धाकल्या जावंची थोरली. ही लेकुरवाळी, ती कुंभाराची. आन् ही पाठमोरी हाय ना, ती मी." मी ते सारे त्यांच्याच शब्दांत टिपून घेतले आणि नंतर सूचीत त्या फोटोपुढे टंकित केले. त्या आजी पुढच्याच पावसाळ्यात गेल्या. आज त्या सात बायांची नावे जगात एकाच ठिकाणी लिहिलेली आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे आमच्या विभागातील संगणकावरची ती सूची. सरकारदरबारी सातबारावर त्यांच्या नवऱ्यांची नावे सापडतील. मोबदल्याच्या कागदांवरही बहुधा पुरुषांचेच अंगठे असतील. पाठमोरी उभी असलेली बाई कोण, हे सांगणारा कागद कोठल्याही कचेरीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी ड्राइव्ह लावला आणि पडदाभर उद्गारचिन्हे उमटली. छोट्या आकारातली चित्रे अंधूक दिसत होती, त्यांच्यापुढचा मजकूरही दिसत होता, पण मूळ फोटो उघडेना. दुरुस्तीसाठी बाहेरून एक गृहस्थ बोलावले होते. त्यांनी पाहिले आणि आत्मविश्वासाने सांगितले, "फोटो ड्राइव्हवर आहेत, घाबरू नका. सूचीतले हे सगळे काढून टाकू आणि फोटो पुन्हा चढवू. अर्ध्या तासाचं काम." आमच्या विभागातील मॅडम तेथे होत्या, म्हणून निभावले. त्या म्हणाल्या, "कशालाही हात लावण्यापूर्वी सूचीच्या फाइलची एक प्रत काढून ठेवा, आणि काढून टाकणे आज नको."

त्या गृहस्थांविषयी मला राग नाही. त्यांच्या दृष्टीने ते खोटे बोलत नव्हते. 'फोटो' या शब्दाचा त्यांचा अर्थ 'चित्राची फाइल' असा होता, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर होते. फाइली पुन्हा चढल्या असत्या, एकही कमी झाली नसती. फक्त सात बाया पुन्हा निनावी झाल्या असत्या. सूचीतून नोंद काढली की तिच्याबरोबर तिच्यापुढे लिहिलेला मजकूरही जातो. आणि तो मजकूर जर फोटोच्या फाइलमध्ये उतरवलेला नसेल, तर पुन्हा चढवलेला फोटो कोरा येतो. ज्याला दुरुस्ती म्हणतात तीच येथे खरी हानी. अक्षर बदलल्याने काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतरच्या घाईने.

मग योग्य उपाय कोणता? तो इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटावा. पहिला मार्ग म्हणजे ड्राइव्हला त्याचे जुने अक्षर परत देणे. सॉफ्टवेअर बंद करावे, ज्या पेन ड्राइव्हने ते अक्षर बळकावले असेल तो काढावा, विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे, आपल्या ड्राइव्हवर उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे आणि जुने अक्षर द्यावे. त्यासाठी संगणकाच्या प्रशासकाचा अधिकार लागतो, म्हणून महाविद्यालयात ज्यांच्याकडे तो असेल त्यांना बोलवावे. सॉफ्टवेअर पुन्हा उघडले की सूचीतील प्रत्येक पत्ता जसाच्या तसा खरा ठरतो. सूचीत एक काना-मात्राही बदलावा लागत नाही, म्हणून मला हाच मार्ग अधिक पसंत आहे.

दुसरा मार्ग सूचीला नवा पत्ता शिकवण्याचा. जुने अक्षर कायमचे दुसऱ्याकडे गेले असेल किंवा संगणकच बदलला असेल, तर तोच घ्यावा लागतो. लाइटरूममध्ये हरवलेल्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसते. त्यावर उजवी कळ दाबून 'फाइंड मिसिंग फोल्डर' म्हणावे आणि नव्या अक्षराखालचा तोच फोल्डर दाखवावा. सर्व फोटो एकाच मुख्य फोल्डरात असतील, तर त्या एकाला वाट दाखवली की आतले सारे उपफोल्डर आपोआप मार्गी लागतात. फोटो दहा फोल्डरांत आणि दहा ठिकाणी विखुरलेले असतील, तर दहा वेळा तेच करावे लागते. आमचा संग्रह एकाच मुख्य फोल्डरात होता. प्रत काढून झाल्यावर आम्ही तो फोल्डर दाखवला, आणि चहा येण्यापूर्वी सगळी उद्गारचिन्हे नाहीशी झाली.

एक सावधगिरी येथे सांगितलीच पाहिजे. हा दुवा जोडताना सॉफ्टवेअर फाइलच्या नावावर विसंबते. कॅमेरा आणि स्कॅनर यांना नावे ठेवण्याची कल्पकता नसते. ते अनेकदा पुन्हा एकपासून मोजायला लागतात आणि एकाच नावाच्या अनेक फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत निर्माण होतात. अशा वेळी एकेक फोटो हाताने जोडू गेल्यास एकाचा मजकूर दुसऱ्याच्या चित्राला चिकटण्याचा धोका असतो. माझ्या मते नाव पुसले जाण्यापेक्षाही हे वाईट. कोरा फोटो निदान आपण कोरा आहोत हे कबूल करतो. चुकीचे नाव लागलेला फोटो पिढ्यान्‌पिढ्या खोटी साक्ष देत राहतो, आणि त्यावर पुढचा संशोधक विश्वास ठेवतो. म्हणून स्कॅन करतानाच प्रत्येक फाइलला गाव, घर आणि अनुक्रम यांवरून वेगळे नाव द्यावे, आणि ते पुन्हा कधी बदलू नये.

आपल्या ग्रंथालयात हे शहाणपण फार पूर्वीपासून आहे. एके काळी जगातील अनेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असे. कपाट हलवले की सूची खोटी ठरे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात क्रमांक फळीला न देता पुस्तकाच्या विषयाला दिला. कपाटे कोठेही हलवा, पुस्तकांचा एकमेकांशी असलेला क्रम कायम राहतो. शिवाय प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीतला एक क्रमांक मिळतो. तो पुस्तकावरच शाईने लिहितात आणि पुस्तक बाद होईपर्यंत तो बदलत नाही. म्हणजे ओळख वस्तूवर लिहायची, जागेवर नव्हे, हे तत्त्व ग्रंथपालांनी दीडशे वर्षांपूर्वी शिकून घेतले. संगणकाच्या ड्राइव्हला अक्षर देणारी पद्धत मात्र अजून त्या जुन्या कपाट-फळीच्या युगात आहे. डिजिकॅमसारख्या काही सॉफ्टवेअरांनी यावर उतारा काढला आहे. ती बाह्य ड्राइव्ह त्याच्या अक्षरावरून न ओळखता ओळखसंख्येवरून ओळखू शकतात. मॅक आणि लिनक्स या प्रणालींत अक्षरे नसतात, ड्राइव्हच्या नावाने वाट सांगतात. परंतु कोणी ते नाव बदलले तर तेथेही तोच आजार उद्भवतो.

तेव्हा खरा उपाय म्हणजे दाखल क्रमांकासारखा मजकूरही वस्तूवरच लिहिणे. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर मजकूर साठविण्याची सोय असते. त्यासाठी 'एक्सएमपी' नावाची पद्धत २००१ सालापासून उपलब्ध आहे. लाइटरूममध्ये फोटो निवडून 'सेव्ह मेटाडेटा टू फाइल' म्हटले, की जेपेग किंवा टिफ फाइलच्या पोटातच नाव, गाव, तारीख लिहिली जाते. मग सूची जळाली, सॉफ्टवेअर बंद पडले, ड्राइव्हचे अक्षर शंभर वेळा बदलले, तरी फोटो स्वतःच आपली ओळख सांगतो. पूर्वी लोक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत, त्याचेच हे रूप. एवढे मात्र खरे, की सूचीत आपण फोटोंचे जे वेगवेगळे गट पाडतो ते अशा रीतीने फाइलमध्ये उतरत नाहीत. म्हणून सूचीच्या फाइलचीही प्रत नियमाने काढली पाहिजे. ती फाइल बहुधा संगणकाच्या 'सी' ड्राइव्हवर असते, आणि लोक फोटोंच्या ड्राइव्हच्या तीन प्रती काढून सूचीला विसरतात. नवरदेवासह सगळे वऱ्हाड गाडीत बसावे आणि नवरी घरीच राहावी, असे हे आहे.

यावर एक आक्षेप मला वर्गात नेहमी ऐकू येतो. "ड्राइव्ह कशाला हवा? सगळे क्लाऊडवर ठेवा, अक्षराची भानगडच नको." या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, दुसऱ्या गावी एक प्रत असावी हे केव्हाही चांगले. तथापि क्लाऊड म्हणजे आभाळ नव्हे. तो दुसऱ्याच्या मालकीचा संगणक आहे आणि त्याच्याही पत्त्याचा भरवसा त्या मालकाच्या मर्जीवर आहे. गूगलचे पिकासा पुष्कळ घरांत होते; २०१६ साली ते बंद करण्यात आले. गूगल फोटोजवर विनामूल्य अमर्याद जागा मिळत असे; १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. यात कोणाचा अपराध आहे असे मी म्हणत नाही. ज्याचे घर त्याचे नियम. परंतु ज्यांचे स्वतःचे गाव एकदा दुसऱ्यांच्या निर्णयाने हलवले गेले, त्यांनी आपल्या आठवणींचा एकमेव पत्ता पुन्हा दुसऱ्यांच्या हाती द्यावा, हे मला रास्त वाटत नाही. क्लाऊड ही प्रत असावी, मूळ नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो आपल्याच मनातला आहे. कला शाखेतील आपण संगणकाविषयी एक प्रकारची भीती बाळगतो, आणि ती भीती लपविण्यासाठी तिला तुच्छतेचे रूप देतो. 'ते यंत्राचे काम, आम्ही विचाराचे.' पण फोटोपुढे कोणते नाव कसे लिहायचे, हा विचार नाही काय? त्या बाईची ओळख तिच्या नवऱ्याच्या नावाने लिहावी की तिच्या स्वतःच्या? माहेरचे नाव लिहावे की सासरचे? 'कुंभाराची' हा शब्द आजींनी वापरला तसाच ठेवावा की तिचे नाव शोधून काढावे? आम्ही आजींचे शब्द जसेच्या तसे ठेवले आणि शेजारी, मिळाले तेथे, प्रत्येकीचे स्वतःचे नाव लिहिले. गावाच्या नावापुढे 'जुने' असे लिहायचे की नाही, यावर तर आमच्यात दोन दिवस वाद झाला. हे प्रश्न कोणतेही सॉफ्टवेअर सोडवत नाही. आणि ज्याने हे प्रश्न सोडवण्यासाठी उन्हातान्हात घरे पालथी घातली, त्यालाच ठाऊक असते की सूचीतील एक ओळ पुसली तर काय पुसले जाते. म्हणून ती सूची सांभाळण्याचे कामही त्यानेच शिकले पाहिजे. घर बांधणाऱ्याला कुलूप लावता आले नाही, तर त्या घराचा उपयोग काय?

आपल्या महाविद्यालयात आजमितीस किती ड्राइव्ह आहेत याची एकदा चौकशी करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचे फोटो एका ड्राइव्हवर, स्नेहसंमेलनाचे दुसऱ्यावर, क्रीडा विभागाचे तिसऱ्यावर. आणि त्या प्रत्येकाचा पत्ता एखाद्या शिपाईमामांना किंवा निवृत्तीला आलेल्या सरांना तोंडपाठ. ती माणसे गेली की त्या फोटोंत शिबिर दिसेल, टिकाव दिसतील, बांध दिसेल. पण टिकाव कोणाच्या हातात आहे हे सांगायला कोणी उरणार नाही. धरणामुळे उठलेल्या गावांबाबत आपण 'तेव्हा कोणी लिहून ठेवले नाही' अशी हळहळ व्यक्त करतो. मग आज आपल्या डोळ्यांदेखत होणाऱ्या विस्मरणाविषयी आपण गप्प का?

म्हणून माझी प्राचार्य, विभागप्रमुख आणि विद्यार्थी मित्रांना आग्रहाची विनंती आहे, की या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. संग्रहाच्या प्रत्येक ड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडचे एक अक्षर ठरवून द्यावे. संगणक मोकळी अक्षरे आरंभापासून वाटत जातो, त्यामुळे 'पी' किंवा 'आर' सहसा कोणी बळकावत नाही. ज्या ज्या संगणकाला तो ड्राइव्ह लागतो त्या प्रत्येकावर तेच अक्षर द्यावे, आणि ड्राइव्हच्या पाठीवर कागदी चिठ्ठी चिकटवून ते लिहून ठेवावे. सर्व फोटो एकाच मुख्य फोल्डरात असावेत. महिन्यातून एकदा मजकूर फोटोंच्या फाइलमध्ये उतरवावा आणि सूचीची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढावी. एक संपूर्ण प्रत महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर असावी. आणि संगणकाशेजारी भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत एक सूचना लावावी: 'फोटो सापडत नाही असे दिसल्यास काहीही काढून टाकू नये. प्रथम ड्राइव्हचे अक्षर पाहावे.'

या कशालाही वेगळे अनुदान लागत नाही. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि महिन्याकाठी एक दुपार पुरे. पुढील वर्षी आमचा वर्ग तृतीय वर्षाला जाईल आणि त्यानंतर बाहेर पडेल; तेव्हा हे काम प्रथम वर्षातील कोणी तरी आतापासूनच शिकून घेतले पाहिजे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी शनिवारी दुपारी इतिहास विभागात यावे. सात बायांपैकी दोघींची नावे अजून लागलेली नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्या एक आत्याबाई टेंभुर्णीला राहतात असे नुकतेच कळले आहे. त्यांचे वय झाले आहे. जायचे तर याच महिन्यात जायला हवे.